विशेषण कुणाला लागतं

साउथपोर्ट हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं गाव. २९ जुलै २०२४ च्या सोमवारी तिथे लहान मुलींच्या नृत्यवर्गात सतरा वर्षांचा एक मुलगा चाकू घेऊन शिरला. तीन मुलींचा जीव गेला. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालच्या आरोपीचं नाव सहसा जाहीर होत नाही, म्हणून पोलिसांनी त्याचं वय सांगितलं, तो कार्डिफमध्ये जन्मल्याचं सांगितलं आणि ते थांबले. नावाची जागा रिकामी राहिली. काही तासांत ती समाजमाध्यमांवर कुणीतरी भरून टाकली: अरबी वळणाचं एक बनावट नाव, त्याला जोडून 'होडीतून आलेला निर्वासित' आणि 'गुप्तचर खात्याच्या यादीतला' ही दोन शेपटं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ते नाव खोटं असल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी जमावाने गावातल्या मशिदीवर विटा फेकल्या आणि पोलिसांची गाडी पेटवली. १ ऑगस्टला न्यायाधीशांच्या परवानगीने खरं नाव बाहेर आलं. मुलगा रवांडातून आलेल्या कुटुंबातला होता आणि त्या कुटुंबाचा इस्लामशी संबंध नव्हता. तोवर दंगल दुसऱ्या गावांत पोहोचली होती. ४ ऑगस्टला रॉदरहॅममध्ये निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला.

त्या मशिदीत नमाजाला येणाऱ्या माणसांचा या सगळ्यात वाटा काय होता? त्यांच्या नावांसारखं वाटणारं एक नाव कुणीतरी रचलं होतं, एवढाच.

'दहशतवाद' हा शब्द इतर गुन्ह्यांच्या शब्दांपेक्षा वेगळा चालतो. खून झाला की नाही हे प्रेत पाहून कळतं. दरोडा रिकाम्या तिजोरीवरून कळतो. दहशतवादाची व्याख्या मात्र हेतूवर उभी आहे. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याप्रमाणे हिंसा किंवा हिंसेची धमकी पुरेशी नसते. साधारणपणे दोन गोष्टी लागतात: सरकारवर दबाव आणण्याचा किंवा लोकांना धाक दाखवण्याचा इरादा, आणि त्यामागे राजकीय, धार्मिक, वांशिक किंवा वैचारिक उद्दिष्ट. साउथपोर्टच्या मुलाकडे पुढे अल-कायदाची प्रशिक्षणपुस्तिका सापडली, ती बाळगल्याचा आरोपही त्याच्यावर लागला, आणि तरीही त्या हत्यांना पोलिसांनी दहशतवादी हल्ला म्हटलं नाही, कारण त्यामागे कोणतंही ठाम उद्दिष्ट सिद्ध होत नव्हतं.

म्हणजे हा शब्द ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती गोष्ट सर्वांत शेवटी कळते. झडती, जबाब, संगणकाची तपासणी, कधी कधी खटल्याचा निकाल, एवढं सगळं झाल्यावर हेतू समजतो. शब्द मात्र पहिल्या तासातच हवा असतो. या दोन वेळांमधली फट कशाने तरी भरावी लागते, आणि पाश्चात्त्य देशांत गेली तीस वर्षं ती नावाने, दाढीने, हिजाबने आणि कातडीच्या रंगाने भरली गेली आहे.

१९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडाला. १६८ माणसं गेली. पहिल्या दिवसभर दूरचित्रवाणीवर मध्यपूर्वेची चर्चा होती. त्याच शहरातला जॉर्डनी वंशाचा एक अमेरिकन नागरिक नातेवाइकांना भेटायला निघाला होता. त्याला लंडनच्या विमानतळावरून चौकशीसाठी परत पाठवलं गेलं. बॉम्ब ठेवणारा टिमथी मॅकव्हे अमेरिकन लष्करातला माजी सैनिक निघाला. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ऑस्लोच्या स्फोटात ८ आणि उतोया बेटावरच्या गोळीबारात ६९ माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटनच्या 'द सन'च्या पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर अल-कायदाचं नाव होतं. मारेकरी मुस्लिमांचा द्वेष करणारा गोरा नॉर्वेजियन होता. दोन्ही वेळी दुरुस्ती झाली, पण पहिल्या रात्री रस्त्यावरून घरी जाणाऱ्या, डोक्यावर रुमाल बांधलेल्या बाईला तिचा काय उपयोग?

उलट बाजूला वेगळा शब्दसंच तयार असतो: एकलकोंडा, मानसिक तोल गेलेला, शेजाऱ्यांच्या मते शांत मुलगा. मराठी वर्तमानपत्रांत या जागी हमखास 'माथेफिरू' येतो. माथेफिरू या शब्दाला आई-बाप, गाव, धर्म काहीच नसतं. तो एकट्याचाच असतो आणि त्याच्यावरच संपतो. 'अतिरेकी' म्हटलं की मागे संघटना येते, संघटनेमागे समाज येतो, आणि समाजाने खुलासा करावा अशी अपेक्षा येते. शब्दांइतकाच शब्दांचा ढीगही महत्त्वाचा असतो. अमेरिकी अभ्यासकांनी २००६ ते २०१५ या दहा वर्षांतल्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या. मृतांची संख्या, लक्ष्य कोण होतं, अटक झाली की नाही, हे सगळे घटक हिशेबात धरूनही मुस्लिम हल्लेखोर असलेल्या हल्ल्यांना सरासरी ३५७ टक्के जास्त प्रसिद्धी मिळालेली दिसली. ज्या वाचकाने एकही बातमी खोटी वाचलेली नाही, त्याच्याही मनात चित्र वाकडं उमटणार.

हे चित्र धर्मसुद्धा नीट ओळखत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोलपंपाबाहेर फुलझाडं लावण्याच्या कामात होते. पगडी आणि दाढी बघून त्यांना गोळी घातली गेली. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्सासमधल्या ओलेथला हैदराबादचा अभियंता श्रीनिवास कुचीभोटला मारला गेला. मारणाऱ्याला तो इराणी वाटला होता. एफबीआयच्या नोंदींत इस्लामविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २००० साली २८ होत्या, २००१ साली ४८१ झाल्या. आपल्याकडे कुणी म्हणेल, सोढी आणि कुचीभोटला तर मुसलमान नव्हतेच, ती चूक झाली. या 'चूक' शब्दाचा मला मनापासून राग येतो. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की माणूस खरोखर मुसलमान असता तर नेम बरोबर लागला असता.

व्याकरणाकडे वळू. इंग्रजीत 'इस्लामिक' आणि 'इस्लामिस्ट' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला धर्माचा: इस्लामिक वास्तुकला, इस्लामिक दिनदर्शिका. दुसरा एका राजकीय विचाराचा, राज्य धर्माच्या कायद्यावर चालावं असं मानणाऱ्यांचा. आणि त्यातलेही बहुतेक निवडणुका लढवणारे, बंदूक न उचलणारे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ च्या एप्रिलमध्ये आपल्या शैलीपुस्तकात बदल करून बजावलं की 'इस्लामिस्ट' हा शब्द लढवय्ये किंवा अतिरेकी यांना पर्याय म्हणून वापरू नये. तरी बातमीच्या घाईत दोन्ही एकमेकांत मिसळतात. मराठीत तर दोन्हींचं भाषांतर 'इस्लामी' असंच होतं. 'इस्लामवादी' हा शब्द आहे, पण तो विद्यापीठाच्या शोधनिबंधाबाहेर फारसा पडलेला नाही. खरं तर हा फरक कळायला आपल्याला मुळीच जड जायला नको. 'हिंदू' आणि 'हिंदुत्ववादी' या दोन शब्दांतलं अंतर मराठी माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की वाक्य बदलतं, हे आपण वाचताक्षणी ओळखतो. तेच कान दुसऱ्या धर्माच्या बातमीला लावायचे असतात.

जिहादी हल्ले झालेच नाहीत किंवा त्यामागच्या विचाराचं नाव घेऊ नये, असं इथे कुणाचंही म्हणणं नाही. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये ५२ जण गेले, १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३०. नाव घ्यावं, पण नेमकं घ्यावं. अल-कायदा हे नेमकं नाव आहे. फ्रेंच सरकारने २०१४ च्या सप्टेंबरपासून 'इस्लामिक स्टेट' टाकून 'दाएश' म्हणायला सुरुवात केली, कारण त्या टोळीने स्वतःला दिलेल्या नावातले 'इस्लामिक' आणि 'स्टेट' हे दोन्ही शब्द तिला फुकट बहाल करायची त्यांची तयारी नव्हती.

शब्द बदलून आकडा कसा फिरतो याचा एक धडा पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवा. पॅरिसच्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबर २०१५ ला, 'द सन'ने पहिल्या पानावर मथळा दिला की ब्रिटनमधल्या पाचांतल्या एका मुस्लिमाला जिहादींबद्दल सहानुभूती आहे. आधार होता सुमारे हजार लोकांच्या टेलिफोन पाहणीचा. प्रश्न काय विचारला होता? सीरियातल्या लढवय्यांना सामील होण्यासाठी ब्रिटन सोडून जाणाऱ्या तरुण मुस्लिमांबद्दल तुम्हाला किती सहानुभूती वाटते. प्रश्नात 'जिहादी' नव्हता, दाएश नव्हती. सीरियात तेव्हा राष्ट्राध्यक्ष असदविरुद्ध लढणारे कितीतरी गट होते, दाएशविरुद्ध लढणारे कुर्दही होते. शिवाय वाट चुकलेल्या पोराबद्दल हळहळ वाटणं आणि त्याने धरलेल्या वाटेला पाठिंबा असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१६ च्या मार्चमध्ये 'इप्सो' या वृत्तपत्र नियामकाने मथळा लक्षणीय दिशाभूल करणारा ठरवला आणि तो निकाल छापायला लावला. पण मथळा पहिल्या पानावर चार महिने आधी येऊन गेला होता.

वर्तमानपत्राचा शब्द निदान दुसऱ्या दिवशी शिळा होतो. सरकारी फॉर्मवरचा होत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने शाळा, महाविद्यालयं, दवाखाने आणि स्थानिक प्रशासन यांच्यावर 'प्रिव्हेंट' नावाचं कर्तव्य आलं: लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची योग्य ती दखल घेणं. शाळांना ते १ जुलै २०१५ पासून लागू झालं. काम असं चालतं. शिक्षकाला एखाद्या मुलाच्या बोलण्यात, वागण्यात काही खटकलं की तो शाळेतल्या बालसंरक्षण प्रमुखाला सांगतो. प्रशिक्षणात यासाठी तीन शब्द शिकवतात: लक्ष द्या, पडताळा, कळवा. प्रमुखाला पटलं की प्रकरण स्थानिक प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे जातं. तिथे गाळून उरलेलं 'चॅनल' नावाच्या मंडळापुढे येतं. तिथली मदत घेणं ऐच्छिक असतं.

गोम या साखळीच्या पहिल्या कडीत आहे, कारण 'खटकणं' हे शिक्षकाच्या कानावर अवलंबून असतं. सरकारने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येत अतिरेकीपणा म्हणजे लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर आणि सहिष्णुता या मूलभूत ब्रिटिश मूल्यांना उघड किंवा सक्रिय विरोध. हिंसेचा शब्दही त्यात आवश्यक अट म्हणून नव्हता. 'चॅनल'मध्ये अनेक वर्षं वापरलेल्या मूल्यमापनाच्या चौकटीत २२ घटक होते. अन्यायाची भावना, आपली ओळख आणि जिव्हाळ्याची माणसं शोधण्याची गरज, राजकीय किंवा नैतिक बदलाची इच्छा, ही त्यातली काही. पंधरा वर्षांच्या कोणत्या मुलात या गोष्टी नसतात? गोऱ्या मुलात दिसल्या तर तो वयात येतोय. आयेशा किंवा बिलाल नावाच्या मुलात दिसल्या तर तोच शिक्षक, मनात काडीचाही द्वेष नसताना, निव्वळ आपण चुकू या भीतीने, फॉर्म उघडतो.

लंडनमधल्या एका शाळेत फ्रेंचच्या तासाला पर्यावरणासाठीच्या आंदोलनांवर चर्चा चालू होती. झाडं वाचवण्यासाठी हिंसेचा मार्ग धरणाऱ्यांना काही लोक 'पर्यावरण-दहशतवादी' म्हणतात, असं चौदा वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने फ्रेंचमध्ये सांगितलं. शब्द अचूक होता. काही दिवसांनी त्याला वर्गातून बोलावून नेलं आणि दाएशशी संबंध आहे का असं विचारलं. ल्यूटनमध्ये चार वर्षांच्या पोराने वडील काकडी चिरतायत असं चित्र काढलं, आणि त्याचा बोबडा 'कुकंबर' हा शब्द पाळणाघरातल्या बाईंना 'कुकर बॉम्ब' असा ऐकू आला. विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याची दहशतवादविरोधी अभ्यासक्रमाचं पुस्तक वाचतो म्हणून ग्रंथालयात विचारपूस झाली. विद्यापीठाने नंतर माफी मागितली. या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या वाटतात. ज्या घरात त्या घडतात त्या घरात त्या रात्रीपासून जेवताना गाझाचं नाव निघालं की आई मुलाला म्हणते, शाळेत हे बोलू नकोस.

२०१५-१६ या पहिल्या वर्षाचा सरकारी हिशेब पाहा. ७,६३१ माणसांची नावं कळवली गेली. त्यातली ४,९९७, म्हणजे ६५ टक्के, 'इस्लामिस्ट' काळजीपोटी. २०२१ च्या जनगणनेतही इंग्लंड आणि वेल्समधलं मुस्लिमांचं प्रमाण ६.५ टक्के आहे. ७,६३१ पैकी २,७६६ प्रकरणांत पुढे काहीही करण्याची गरज नव्हती, आणि 'चॅनल'ची मदत मिळाली फक्त ३८१ जणांना. याचा अर्थ यंत्रणा नीट गाळते, असं तिचे समर्थक म्हणतात. पण गाळून बाहेर टाकलेल्या मुलाच्या दृष्टीने पोलिसांकडे आपलं नाव गेलं, आणि ते कळवणारे आपलेच बाई किंवा सर होते, एवढंच उरतं. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात ६,८१७ कळवण्यांपैकी ११ टक्के 'इस्लामिस्ट' आणि १९ टक्के अतिउजव्या गटातल्या होत्या. सरकारने नेमलेल्या परीक्षकाने मात्र त्याच साली मत दिलं की 'इस्लामिस्ट' धोक्याकडे यंत्रणेचं लक्ष कमी पडतंय. एकाच आकड्याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. कुणी कुठून पाहिलं, त्यावर कुणाच्या मुलाला वर्गाबाहेर बोलावलं जाणार हे ठरतं.

आपल्या जवळचं एक उदाहरण एका शब्दाचं आहे: 'संबंध'. बेंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करत होते. २००६ मध्ये ब्रिटन सोडताना त्यांनी आपलं मोबाइलचं सिमकार्ड एका दूरच्या भावाला दिलं होतं. ३० जून २००७ ला ग्लासगो विमानतळावर जळती जीप घालण्यात आली, आणि त्यात त्या भावाचा सख्खा भाऊ होता. २ जुलैला हनीफना ब्रिस्बेनच्या विमानतळावर पकडलं. आरोप न ठेवता १२ दिवस कोठडीत ठेवलं, मग दहशतवादी संघटनेला बेपर्वाईने मदत केल्याचा आरोप. सिमकार्ड त्या जीपमध्ये सापडलं असं न्यायालयात सांगितलं गेलं. ते होतं लिव्हरपूलमध्ये, भावाजवळ. जामीन मिळाला त्याच दिवशी मंत्र्यांनी चारित्र्याच्या निकषावर व्हिसा रद्द केला, कारण गुन्ह्यात असल्याचा संशय असलेल्या माणसांशी त्यांचा 'संबंध' होता. २७ जुलैला आरोप मागे घेतला गेला. ऑगस्टमध्ये संघीय न्यायालयाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय उडवला, आणि त्याचं कारण शब्दार्थाचं होतं: कायद्यातल्या 'संबंध' या शब्दात निव्वळ नातं येत नाही, गुन्ह्याबद्दल काही सहानुभूती किंवा सहभाग लागतो. डिसेंबरमध्ये पूर्ण पीठानेही तेच कायम केलं. चुलत-मावस भावंडांना जाताना उरलेलं रिचार्ज देऊन टाकणं हे आपल्या घराघरातलं वागणं. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले परकार, मुकादम, दळवी पिढ्यान्‌पिढ्या आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडात गेले ते अशाच नात्यांच्या दोरीला धरून. सरकारी भाषेत त्याच दोरीला 'नेटवर्क' म्हणतात.

काही यंत्रणांनी आपली भाषा तपासली आहे. कॅनडाच्या २०१८ च्या धोका अहवालात 'शीख अतिरेक' असा शब्द आला, शीख समाजाने हरकत घेतली, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तो बदलून विशिष्ट उद्दिष्टासाठी हिंसेचं समर्थन करणारे असं वर्णन आलं. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर प्रमुखांनी २०२१ च्या मार्चमध्ये 'इस्लामी' आणि 'उजवा' ही दोन्ही विशेषणं सोडून 'धर्मप्रेरित' आणि 'विचारप्रेरित' हिंसक अतिरेक असे दोन वर्ग केले. मला हा अर्धा उपाय वाटतो. 'धर्मप्रेरित' म्हटल्यावर कुठला धर्म, हे ऐकणाऱ्याचं मन पुन्हा जुन्याच सवयीने भरतं. संघटनेचं नाव, कृत्य, आणि सिद्ध झालेला हेतू, एवढं लिहिलं तर वर्गाची गरज क्वचितच पडते.

न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याच दिवशी त्याला दहशतवादी हल्ला म्हटलं. हल्लेखोराने आपली भूमिका स्वतःच लिहून पाठवली असल्याने इथे हेतू शोधावा लागला नाही. पण ३ सप्टेंबर २०२१ ला ऑकलंडच्या एका सुपरमार्केटात दाएशने भारावलेल्या माणसाने ग्राहकांवर चाकू चालवला, तेव्हा त्याच आर्डर्न म्हणाल्या की हे एका व्यक्तीने केलं आहे, कुठल्या श्रद्धेने, संस्कृतीने किंवा वंशाने नाही. दहशतवाद हा शब्द त्यांनी त्याही वेळी टाळला नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून यावी लागतात.

मराठी वृत्तकक्षात रात्री अकराला परदेशी संस्थेची बातमी पडद्यावर येते, आणि आवृत्ती पाठवायला वीस मिनिटं असतात. एवढ्यात करता येण्याजोगं थोडंच आहे, पण आहे. संशयिताचं नाव पोलिसांनी दिलेलं नसेल तर तेच वाक्य पहिल्या परिच्छेदात घ्यायचं, शेवटी नाही. हेतू कळलेला नसेल तर 'हल्ला', 'गोळीबार', 'चाकूहल्ला' ही नामं पुरतात, आणि ती कुणालाच सूट देत नाहीत. धर्म लिहायचाच तर त्याचा गुन्ह्याशी जोड कुणी सांगितला ते त्याच वाक्यात यावं: पोलिसांनी, वकिलांनी की शेजाऱ्याने. कुणी नायक ठरला तरी हाच नियम. ९ जानेवारी २०१५ ला पॅरिसच्या ज्यू किराणा दुकानावर हल्ला झाला तेव्हा ग्राहकांना तळघरातल्या शीतगृहात लपवणारा लसाना बाथिली त्या दुकानातला कर्मचारी होता, हे आधी सांगावं. 'मुस्लिम असूनही' हे दोन शब्द त्याच्या कौतुकातून बाकी सगळ्यांवर आरोप करतात.

कॅनडात ओंटारियोच्या लंडन शहरात ६ जून २०२१ च्या संध्याकाळी अफजाल कुटुंब फिरायला बाहेर पडलं होतं. रस्ता ओलांडायला ते कोपऱ्यावर उभे असताना एका तरुणाने त्यांच्यावर ट्रक घातला. आजी, आई, वडील आणि पंधरा वर्षांची मुलगी गेली. नऊ वर्षांचा मुलगा जखमी होऊन वाचला. दोन दिवसांत पंतप्रधानांनी संसदेत दहशतवाद हा शब्द उच्चारला. कायद्याला मात्र हेतूचा पुरावा हवा होता. मारेकऱ्याचं लिखाण वाचलं गेलं, त्याने इंटरनेटवर काय काय पाहिलं ते तपासलं गेलं, ज्यूरीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला खुनासाठी दोषी ठरवलं, पण ज्यूरी कारणं देत नाही. २२ फेब्रुवारी २०२४ ला शिक्षा सुनावताना न्यायाधीश रेनी पोमेरान्स यांनी ते कृत्य दहशतवादी होतं असं निकालात लिहिलं. तोवर २ वर्षं, ८ महिने आणि १६ दिवस झाले होते.